दिवा की डाग

रिळावरची घाण एका जातीची नसते. प्रोजेक्टरच्या तेलाचा ओघळ वेगळा, कार्बनची काजळी वेगळी, बोटांचे ठसे वेगळे, आणि बुरशी तर सगळ्यांहून वेगळी. कुठली घाण कशानं निघते, कुठली अर्धीच काढायची आणि कुठलीला हातच लावायचा नाही, हे शिकण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. फिल्म धुणारी यंत्रं मी चालवली, त्यांच्या टाक्या घासल्या, त्यांचे रोलर बदलले. त्यातली बरीचशी यंत्रं आता भंगारात गेली आणि ती चालवणारे हात थकले. पण जुनी रिळं अजून घराघरांत आहेत आणि ती धुण्याची गरज संपलेली नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात इंदूरची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथल्या एका चित्रपट वितरकाच्या कचेरीत मी प्रिंट-चेकर म्हणून लागलो. सिनेमाच्या धंद्यासाठी तेव्हा देशाचे पट्टे पाडलेले असत. सी.पी.-बेरार, सेंट्रल इंडिया आणि राजस्थान या तीन पट्ट्यांची मिळून सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही संघटना. तिचं मुख्य ठाणं भुसावळला. खानदेश-वऱ्हाडाकडच्या प्रिंट्स भुसावळ-अमरावतीहून सुटायच्या, माळव्याकडच्या इंदूरहून. नवी कोरी प्रिंट आधी रीगल, स्टारलिट, अलका अशा शहरातल्या टॉकीजना लागे. मग उज्जैन, रतलाम, देवास. पुढे मंदसौर, नीमच, धार. आणि सगळ्यात शेवटी बाजाराच्या गावी तंबूतल्या सिनेमाला. पत्र्याच्या पेट्यांतून, मीटरगेजच्या गाडीनं नाहीतर बसच्या टपावरून ती फिरत राही. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट फिल्म, चार किलोमीटरहून जास्त. ही सगळी लांबी प्रत्येक खेळाला प्रोजेक्टरच्या गेटमधून घासत जायची आणि पेटी परत आली की ती माझ्या बोटांतून जायची.

चेकरचं काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटे. रिवाइंडरवर रीळ चढवायचं, उजव्या हातानं हँडल फिरवायचं आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात नि बोटांत फिल्मच्या दोन्ही कडा हलक्या धरून ठेवायच्या. मला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, ‘आँख बाद में, पहले उँगली.’ फाटू लागलेलं पर्फोरेशन (कडेचं भोक), सुटू पाहणारा जोड, कडेला पडलेली चीर हे सगळं दिसायच्या आधी बोटाला लागतं. जोड सुटत आला असेल तर फिल्म कापायची, ब्लेडनं इमल्शन खरवडायचं, फिल्म-सिमेंटचा एक हात फिरवायचा आणि दाबून धरायचं. इमल्शनची बाजू कुठली हे अंधाऱ्या खोलीतही कळावं म्हणून उस्तादांनी ओठाची युक्ती शिकवली: फिल्मचं टोक ओल्या ओठाला लावायचं, जी बाजू हलकेच चिकटते ती इमल्शनची. त्या बाजूला जिलेटिन असतं, आणि चित्र त्याच पातळ थरात असतं. खालचा प्लास्टिकचा पट्टा, ज्याला आम्ही बेस म्हणतो, तो नुसता आधार.

प्रिंट कुठून फिरून आली हे तिच्या घाणीवरून सांगता यायचं. कार्बनच्या दिव्यावर चालणाऱ्या प्रोजेक्टरच्या कांड्यांवर तांब्याचा मुलामा असे. त्याचे बारीक कण आणि राख फिल्मवर बसत. तेल गळणाऱ्या मशीनवर चाललेल्या रिळाच्या कडेला पिवळट पट्टा दिसे. तंबूतून आलेल्या प्रिंटला माळव्याची काळी माती लागलेली असे, आणि हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तीच माती सुटता सुटत नसे. फिरत्या फिल्मवर वीज साठते आणि ती वीज धूळ ओढून घेते. प्रेक्षक म्हणत, पडद्यावर पाऊस पडतोय. त्या पावसातल्या उभ्या रेघा म्हणजे बहुतेक वेळा गेटमध्ये अडकलेल्या धुळीच्या कणानं फिल्मवर ओढलेले ओरखडे. कण वेळेवर पुसला असता तर ओरखडा पडलाच नसता. ओरखडा धुऊन जात नाही. म्हणून फिल्म धुणं हे दिसण्यासाठी जितकं असतं तितकंच पुढची इजा टाळण्यासाठी असतं.

कचेरीत यंत्र नव्हतं. मखमलीच्या दोन घड्या, एक बाटली आणि आम्ही. बाटलीत कार्बन टेट्राक्लोराइड असायचं, सगळे त्याला सीटीसी म्हणत. घडीवर चार थेंब टाकायचे, फिल्म मधे धरायची आणि सावकाश गुंडाळत जायचं. तेल झटकन निघे. मखमल काळी पडली की घडी बदलायची, नाहीतर तीच घाण पुढच्या पन्नास फुटांवर पसरते. गोडसर वास खोलीत भरून राही आणि संध्याकाळी डोकं धरे. सीटीसी यकृताला घातक असतं, हे त्या खोलीत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खिडक्याही बंद असत, बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून.

पुढं मुंबईला एका लॅबमध्ये गेलो आणि तिथं पहिल्यांदा अल्ट्रासॉनिक यंत्र पाहिलं. माणसाच्या उंचीचं, काचेच्या दारांचं कपाट. वर एका बाजूला रीळ चढतं, दुसऱ्या बाजूला गुंडाळलं जातं, आणि मधे फिल्म रोलरांवरून खाली टाकीत उतरते. या वाटेवर कुठंही दाते नाहीत, पर्फोरेशनला धरून ओढणारं काही नाही. फिल्म केवळ ताणावर चालते. जुनी फिल्म आकसलेली असते, तिची भोकं दात्यांवर बसत नाहीत, म्हणून हा मोठा दिलासा.

टाकीत कोमट द्रावण असतं आणि तळाशी बसवलेले ट्रान्सड्यूसर सेकंदाला वीस ते चाळीस हजार कंपनांच्या घरात थरथरत असतात. हा आवाज माणसाला ऐकू येत नाही. कान लावला तर बारीक सळसळ तेवढी जाणवते. या कंपनांनी द्रावणात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा फिल्मच्या अंगाशी एक इवलासा हिसका देतो आणि चिकटलेला कण सुटतो. फिल्मला फडकं लागत नाही, ब्रश लागत नाही. टाकीतून वर येताना मऊ रोलर उलट्या दिशेनं फिरत उरलंसुरलं पुसून घेतात, ताज्या द्रावणाचा फवारा बसतो, आणि मग गाळलेल्या हवेचा पातळ, जोरदार झोत दोन्ही बाजूंनी द्रावण कापून काढतो. हा झोत नीट लागला पाहिजे. एक थेंब जरी फिल्मवर राहून वाळला तरी त्याच्या कडेचं वर्तुळ उमटतं आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. शेवटी कोरड्या कप्प्यातून फिल्म गुंडाळीवर जाते. मिनिटाला पन्नास-साठ फूट अशा चालीनं हजार फुटांचं रीळ वीस मिनिटांच्या आत-बाहेर धुऊन निघायचं.

यंत्राच्या पोटात द्रावण उकळून पुन्हा शुद्ध करणारी भट्टी असे. ती साफ करण्याचं काम नव्या मुलांना नको वाटायचं, मला मात्र आवडायचं. तळाला डांबरासारखा गाळ साचलेला असे: तेल, मेण, काजळी, जुन्या सिमेंटचे पापुद्रे. फिल्टर उघडला की केस, कापसाचे धागे, तांब्याची चमक दिसे. किती गावांचं किती काही त्यात मिसळलेलं असे! एवढं सगळं चित्रावर बसलं होतं आणि चित्राला धक्का न लावता उतरलं, हे त्या गाळाकडं पाहिलं की पटायचं.

सगळ्यात जास्त फरक कानाला कळायचा. पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंटवर चित्राच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असते. दिव्याचा किरण तिच्यातून जातो आणि कमी-जास्त होणाऱ्या उजेडाचा आवाज होतो. धुळीचा कण त्या पट्टीवर बसला की यंत्र त्यालाही आवाज समजतं: टक्. हजार कण म्हणजे सतत तडतड. लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९ चा. त्यामुळं त्यांच्या गाण्याचं रीळ धुवायला आलं की लॅबमधले लोक मला, इंदूरच्या माणसाला, हाक मारायचे. धुण्याआधी ऐकायचं आणि धुतल्यावर ऐकायचं. तडतड गेली की आलापाच्या मधला श्वास ऐकू येई. तो श्वास पट्टीवर पहिल्यापासून होताच, कणांच्या खाली दबलेला.

पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते आधी हाताचं काम मागतं. सैल जोड टाकीत गेला तर सुटणार, आणि ताणाखालची फिल्म आतल्या आत गुंडाळून फाटणार. म्हणून यंत्रावर चढवायच्या आधी प्रत्येक जोड तपासायचा, प्रत्येक फाटकं पर्फोरेशन दुरुस्त करायचं. सत्यजित राय यांच्या ‘अपू’ त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. पुढं इटलीतल्या बोलोन्या इथल्या लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत त्या सावरल्या गेल्या, तेव्हा जवळजवळ हजार तास नुसतं हातानं काम चाललं होतं: वाळून ठिसूळ झालेली फिल्म ओलसर करून लवचिक करणं, जळक्या कडा काढणं, जोड नव्यानं बांधणं, फ्रेमगणिक पुसणं. २०१५ साली लोकांनी ती त्रयी पुन्हा पडद्यावर पाहिली. उस्तादांचं ‘पहले उँगली’ बोलोन्यातही तेच होतं.

द्रावणांची गोष्टही सांगायला हवी, कारण या कामाचं भवितव्य तिच्यात अडकलंय. सीटीसीनंतर १,१,१-ट्रायक्लोरोइथेन आलं. फिल्मसाठी ते जणू हवं तसं बनवलेलं होतं: तेल विरघळवतं, जिलेटिनला फुगवत नाही, पेट घेत नाही, चटकन उडून जातं. पण ते उडून ओझोनच्या थरापर्यंत पोचतं. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर विकसित देशांनी १९९६ पासून त्याचं उत्पादन थांबवलं आणि इतरत्रही ते मागं पडत गेलं. बंद झालं ते योग्यच झालं. मग कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगवाल्यांचं परक्लोरोइथिलीन आलं. काम चांगलं करतं, पण सुकायला वेळ घेतं आणि श्वासातून शरीराला अपाय करतं. त्यानंतर थ्री-एम कंपनीची नवी महागडी फ्लोरिनयुक्त द्रावणं आली. २०२२ च्या डिसेंबरात कंपनीनं जाहीर केलं की अशा रसायनांचं उत्पादन २०२५ अखेर बंद करणार. म्हणजे जगभरच्या फिल्म संग्रहालयांपुढं पुन्हा तोच प्रश्न उभा: यंत्र आहे, टाकीत काय घालायचं?

आपल्याकडं तर आधी यंत्रंच गेली. २०१० नंतरच्या तीन-चार वर्षांत टॉकीज डिजिटल झाली, प्रिंट काढणं थांबलं आणि लॅबना टाळी लागली. यंत्रं किलोच्या भावानं विकली गेली. प्रिंट्सचं तर पूर्वीपासून तेच होत आलेलं. हक्काची मुदत संपली की त्या तोडायच्या. कृष्णधवल फिल्ममधली चांदी गाळून काढणाऱ्यांना विकायच्या, उरलेल्या प्लास्टिकचं आणखी काही व्हायचं. मूकपटांच्या काळात भारतात हजाराहून जास्त चित्रपट निघाले, त्यातले अगदी मोजके उरले. १९३१ च्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाचीही एकही प्रिंट नाही. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो तो पी. के. नायर यांच्यामुळं, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी त्यांनी फाळके कुटुंबाकडून रिळं मिळवली. घरात कुणीतरी ती ठेवली होती म्हणून मिळाली. ‘घरात कुणीतरी ठेवली होती’ हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

निवृत्त होऊन मी इंदूरला परतलो ते लालबागेच्या मागच्या बाजूला. होळकरांचा हा महाल १८८६ ते १९२१ एवढा काळ बांधला जात होता. त्याचं फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर केलेलं. आमच्या भागात सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा सगळा हिशेब त्या फाटकापासून सुरू होतो. माझ्या कामाच्या दृष्टीनं मात्र जागा अवघड. एका अंगाला कान्ह नदी, त्यामुळं पावसाळ्यात दमट हवा, म्हणजे बुरशी. दुसऱ्या अंगाला लालबागेचं मैदान. मालवा उत्सव भरला की हजारो पावलांची धूळ उठते. त्या दिवसांत मी एकही डबा उघडत नाही.

मागच्या खोलीत माझं टेबल आहे. दोन रिवाइंडर, मधे चार चिकट रोलर. हे मऊ प्लास्टिकचे रोलर फिल्मवरून नुसते फिरले की सुटी धूळ स्वतःवर घेतात, आणि साबणाच्या पाण्यानं धुतले की पुन्हा तयार. त्यांच्या पुढं मखमलीच्या दोन गाद्या आणि पाण्याचा अंश नसलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे पेट घेतं, म्हणून खोलीत देवाची समईसुद्धा लावत नाही. खिडकीत पंखा बाहेर हवा फेकतो. हँडल हातानंच फिरवायचं. लोक सोळा आणि आठ मिलिमीटरची घरगुती रिळं आणतात: मुंजी, लग्नं, महेश्वरच्या सहली. रामबाग, नंदलालपुरा, सुदामानगर, कुठून कुठून. कुणाच्या डब्याचं झाकण काढताच शिरक्याचा वास येतो. ॲसिटेटचा बेस सडू लागला की ॲसेटिक ॲसिड सुटतं, त्याचा तो वास. अशी रिळं मी पहिल्यांदा घेतो, कारण एकदा हा रोग लागला की तो थांबत नाही, फक्त थंडीत ठेवून मंद करता येतो.

त्यातलं एक रीळ सविस्तर सांगतो.

मल्हारगंजातल्या एका घरातून ते आलं. घरच्या आजोबांकडं चावीचा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा होता. साठच्या दशकात त्यांनी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्यांचं चित्रण केलेलं. इंदूरची ही मिरवणूक ज्यानं पाहिली नाही त्याला सांगितलं पाहिजे: हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, प्रत्येक गिरणीच्या कामगारांची आपली झांकी, हलत्या मूर्ती, हजारो दिवे, पुढं आखाड्यांचे पट्टे फिरवणारे, आणि सगळं शहर रात्रभर रस्त्यावर. गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या निघतातच. त्या घरातल्या आजी मला म्हणाल्या, ‘अहो, दिरांनी काढलेलं तेवढं एकच दिसतं का बघा. आमच्या ह्यांची झांकी त्यात आहे. तिच्यावरचे दिवे ह्यांनी जोडलेले.’ म्हणजे कॅमेरा थोरल्या दिरांचा आणि झांकीवरचं विजेचं काम त्यांच्या यजमानांचं.

फिल्म कोडाक्रोम होती. रंग उत्तम राहिलेले; अंधारात ठेवलेली कोडाक्रोम पन्नास-साठ वर्षांनीही ताजी निघते. पण त्या काळची ही फिल्म फार मंद, रात्री माणसं तिच्यावर उमटायचीच नाहीत. चेहरे काळोखात, आणि काळोखावर फक्त दिव्यांचे ठिपके. त्यातच एका पावसाळ्यात डब्यात ओल शिरलेली. सगळ्या फिल्मवर बुरशीची जाळी, वर धूळ, वर कुणीतरी कधीतरी पुसायला गेल्याच्या खुणा.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागते. निगेटिव्हवर धूळ बसली तर प्रिंटमध्ये ती पांढरी दिसते. पण कॅमेऱ्यातून निघालेली हीच फिल्म पडद्यावर दाखवायची असेल, तर धूळ उजेड अडवते आणि काळी दिसते. काळ्या रात्रीवर काळी धूळ! ती दिसत नाही. ती फक्त दिवे झाकते. उलट बुरशीनं जिथं जिलेटिन खाल्लंय तिथं आरपार उजेड येतो आणि पडद्यावर पांढरा ठिपका उमटतो, अगदी दिव्यासारखा. म्हणजे त्या रिळावर काही खरे दिवे लपलेले होते आणि काही न लागलेले दिवे दिसत होते.

बुरशी लागलेल्या फिल्मवर पाण्याचा थेंबही चालत नाही. बुरशी जिलेटिनला असं करून टाकते की ते पाण्यात विरघळतं. ओलं फडकं फिरवलं की चित्रच पुसून येतं. म्हणून आधी कोरडे रोलर, मग अल्कोहोल, तेही गादी दाबून न धरता. दर काही फुटांनी थांबायचं, भिंग लावायचं, गादी बदलायची. पहिल्या फेरीला धूळ गेली. दुसऱ्या फेरीला बुरशीची वरची कापूस-जाळी गेली. तिसरी फेरी मी केली नाही, कारण गादीवर किंचित रंग दिसू लागला होता. गादीवर रंग दिसला की थांबायचं. तिथून पुढं घाण निघत नसते, चित्र निघत असतं.

मग दिवा कुठला आणि डाग कुठला हे पाहायला बसलो. दिवा पुढच्या फ्रेममध्ये असतो, त्याच्या पुढच्यातही असतो. कॅमेरा हलला की सगळे दिवे मिळून हलतात. भोक एकाच फ्रेममध्ये असतं. पण बुरशी आणखी एक खेळ करते. गुंडाळलेल्या रिळात थर एकावर एक बसलेले, त्यामुळं बुरशी एका थरातून दुसऱ्यात शिरते आणि तोच डाग दर एका वेढ्यानं, वीसेक फ्रेम गेल्या की, पुन्हा त्याच जागी येतो. आत जावं तसं वेढा लहान होतो आणि अंतर कमी होत जातं. हे ज्यानं हातानं गुंडाळलंय त्याला आपोआप कळतं.

झांकीच्या माथ्यावर दिव्यांनी काढलेली अक्षरं होती. धुण्याआधी ती वाचता येत नव्हती. धुतल्यावर ‘मिल’ स्पष्ट झालं आणि त्याच्या आधीचं ‘हुकुमचंद’ही लागलं, पण ‘कु’च्या खालचा उकार अर्धाच. त्या जागी भिंगाखाली काहीही नव्हतं: धूळ नाही, भोक नाही, नुसती निकोप काळी फिल्म. सगळ्या फ्रेम्समध्ये तसंच. म्हणजे ते दिवे त्या रात्री लागलेच नव्हते. आजींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘गेले असतील वाटेत. ह्यांच्या खिशात जास्तीचे बल्ब असायचे, पण झांकी चालू असताना वर कोण चढणार?’

त्यानंतर रीळ स्कॅनिंगला गेलं. स्कॅन करणारा मुलगा हुशार, कामाचा. पहिल्यांदा त्यानं जे पाठवलं ते पाहून घरचे खूश झाले. चित्र एकदम लख्ख. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, म्हणून मूळ फिल्म शेजारी ठेवून पुन्हा पाहिलं. आखाड्यातला एक जण पेटते पलिते फिरवतोय, आणि त्याच्या ठिणग्या नाहीशा झालेल्या. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘काका, सॉफ्टवेअरनं धूळ म्हणून काढलं असेल. एकाच फ्रेममध्ये दिसलं आणि पुढच्या फ्रेममध्ये नाही, तर ते त्याला डस्टच समजतं.’

त्याचं बरोबर होतं; ही अडचण जगभर सगळ्यांना येते. पाऊस, हिम, ठिणग्या, उधळलेल्या अक्षता, क्षणभर चमकून जाणारं जे जे काही, ते संगणकाला डाग वाटतं. पण माझं म्हणणं इथंच आहे. द्रावण अंदाज करत नाही. वेळीच थांबलं तर जे नंतर येऊन वर बसलं तेवढंच ते उतरवतं. ठिणगी चित्राच्या थरात आहे, तिला ते हात लावत नाही. नुसतं चित्र पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला वर बसलेलं आणि आत असलेलं यात फरक दिसत नाही, कारण त्याच्यापुढं दोन्ही सपाट येतात. जितकी घाण आपण फिल्मवरूनच उतरवू तितका त्याला अंदाज करावा लागणार नाही. आज बरेच लोक म्हणतात, स्कॅन करा, पुढचं संगणक बघून घेईल, धुण्यात पैसा कशाला घालवायचा. मला हे पटत नाही. धुतल्याशिवाय स्कॅन केलेलं रीळ म्हणजे पुढं कुणीतरी अंदाजानं रंगवायचं चित्र.

त्या मुलानं आपोआप चालणारी सफाई बंद करून सगळं पुन्हा काढलं. जी भोकं खरंच भोकं होती ती त्यानं माझ्या यादीवरून एकेक करून भरली. ठिणग्या परत आल्या. ‘कु’चा उकार अर्धाच ठेवला, आजींनी तर बजावूनच सांगितलं होतं की तो तसाच राहू दे.

आता तो मुलगा रविवारी माझ्याकडं येतो. मखमल कशी धरायची, ओठाला फिल्म कशी लावायची, शिरक्याचा वास कितपत आला की घाई करायची, हे शिकतो. त्यानंच मुंबईच्या एका भंगारवाल्याकडं अल्ट्रासॉनिक यंत्राचा सांगाडा शोधून काढलाय. फोटो पाहिले. काचा फुटलेल्या आहेत, रोलर गेलेले आहेत, पण टाकी शाबूत दिसते. ट्रान्सड्यूसर बदलावे लागतील आणि द्रावण कुठलं घालायचं ते ठरवायचंय. या पावसाळ्याआधी ते इंदूरला आणायचं आम्ही ठरवलंय.